स्काऊट-गाईडचे पदक आणि पालकांचा सार्थ अभिमान

मुलाच्या यशाने आईवडिलांची मान उंचावते, ही सर्व काळांत आणि सर्व समाजांत आढळणारी गोष्ट आहे. शालान्त परीक्षेतील गुण, क्रीडांगणावरील विजय, वक्तृत्व स्पर्धेतील ढाल अशा यशाचे कौतुक घरोघरी होत असते. स्काऊट-गाईड चळवळीतील राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार ही याच मालिकेतील मानाची स्थाने होत. गळ्यात स्कार्फ बांधलेला मुलगा किंवा मुलगी हाती प्रमाणपत्र घेऊन उभी आहे, असे छायाचित्र कित्येक घरांच्या भिंतीवर मोठ्या हौसेने लावलेले दिसते.

तथापि, या मुलाने नेमके काय केले म्हणून त्यास हा मान मिळाला, असा प्रश्न केल्यास पालकांकडून पुष्कळदा समाधानकारक उत्तर मिळत नाही. परीक्षेतील गुणांचा अर्थ सर्वांना कळतो. स्काऊटच्या पदकाचा अर्थ मात्र शिक्षकांनाही पुरता ठाऊक असतोच असे नाही. अर्थ ठाऊक नसला की पदकाकडे केवळ एक कागद म्हणून पाहिले जाते, आणि कागदच हवा असेल तर तो मिळविण्याच्या आडवाटाही शोधल्या जातात. म्हणूनच हे पदक कशाचे, ते कसे मिळते आणि पालकांनी अभिमान बाळगावा तो कोणत्या गोष्टीचा, याचा विचार शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे.

मुलांवर टाकलेला विश्वास

स्काऊट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. ते ब्रिटिश लष्करातील अधिकारी होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मॅफेकिंग या गावाला शत्रूने वेढा घातला. ऑक्टोबर १८९९ मध्ये सुरू झालेला हा वेढा २१७ दिवस चालला व मे १९०० मध्ये उठला. गावाच्या संरक्षणासाठी माणसे अपुरी होती. त्या वेळी गावातील लहान मुलांचे एक पथक उभारण्यात आले. निरोप पोहोचविणे, रुग्णालयात मदत करणे, टेहळणी करणे अशी कामे या मुलांनी चोखपणे पार पाडली. मुलांवर खरीखुरी जबाबदारी टाकली तर ती मुले त्या जबाबदारीला पुरी पडतात, हा धडा बेडन-पॉवेल यांना या अनुभवातून मिळाला.

पुढे १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे एक प्रायोगिक शिबिर भरविले. त्यात संपन्न घरांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांची मुलेही होती. त्यांचे चार गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटाचे नेतृत्व त्यातीलच एका मुलाकडे सोपविण्यात आले. १९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीतच ही चळवळ देशोदेशी पसरली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काऊटांचा मेळावा भरला असता काही मुलीही तेथे आपणहून हजर झाल्या व आम्हांलाही यात स्थान हवे, असे त्यांनी सांगितले. त्यातून १९१० मध्ये मुलींसाठी गाईड संघटना निघाली. बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी तिची धुरा वाहिली.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलांना काय शिकवावे यापेक्षा मुलांवर कोणते काम विश्वासाने सोपवावे, या प्रश्नापासून ही चळवळ निघाली. आजही तिचे मर्म तेच आहे.

भारतातील वाटचाल

भारतात स्काऊट पथक प्रथम निघाले ते १९०९ मध्ये बंगळूर येथे. १९११ मध्ये जबलपूर येथे गाईडचे काम सुरू झाले. परंतु आरंभी या पथकांत युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश मिळत असे. भारतीय मुलांना शिस्त, संघटन व टेहळणी यांचे शिक्षण दिल्यास ती उद्या राज्यसत्तेच्या विरोधात उभी राहतील, अशी धास्ती तत्कालीन सरकारला वाटत होती. मुलांवरील विश्वासातून निघालेल्या चळवळीचे दार अशा रीतीने अविश्वासापोटी येथील मुलांना बंद झाले.

हे दार भारतीयांनी स्वतः उघडले. १९१६ मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना स्थापन केली. डोक्यास साफा आणि ओठांवर देशी गीते, असे तिचे भारतीय रूप होते. १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबाद येथे सेवा समिती स्काऊट संघटना उभी राहिली. मध्य प्रांतात या कार्यात ज्यांनी लक्ष घातले त्यांत नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस यांचे नाव आदराने घेतले जाते. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा काही संघटनांचे एकीकरण झाले. तथापि सर्व संघटना एका छत्राखाली येण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संघटना अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत औपचारिकरीत्या सामील झाली. या एकीकरणामागे पंतप्रधान पंडित नेहरू व शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांची प्रेरणा होती.

विदर्भातील भाविकांना महादेवाच्या यात्रेमुळे परिचित असलेल्या पंचमढी येथे या संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पुणे येथे १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘संगम’ हे गाईड चळवळीचे जागतिक केंद्र सुरू झाले. अनेक देशांतील मुली व युवती तेथे येऊन राहतात व महाराष्ट्राच्या जीवनाचा परिचय करून घेतात. ज्या चळवळीत एके काळी भारतीय मुलींना मज्जाव होता, तिचे एक जागतिक केंद्र महाराष्ट्राच्या भूमीवर असावे, ही समाधानाची गोष्ट होय.

पायऱ्यांची रचना

स्काऊट व गाईड विभाग साधारणपणे दहा वर्षांपुढील मुलामुलींसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी कब व मुलींसाठी बुलबुल, तर मोठ्या युवक-युवतींसाठी अनुक्रमे रोव्हर व रेंजर असे विभाग आहेत. पथकात दाखल झालेल्या मुलास प्रथम प्रवेशाची तयारी करावी लागते. स्काऊटचे वचन व नियम समजून घेणे, प्रणाम व हस्तांदोलनाची रीत शिकणे, राष्ट्रध्वजाची माहिती करून घेणे इत्यादी बाबी तीत येतात. त्यानंतर सर्वांसमक्ष वचन घेऊन तो स्काऊट होतो.

हे वचन तीन अंगांचे आहे. ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य पार पाडणे, इतरांना साहाय्य करणे आणि स्काऊट नियमांचे पालन करणे, ही ती तीन अंगे होत. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द वापरण्याची मुभा आहे. प्रणाम करताना तीन बोटे सरळ ठेवतात, ती या तीन अंगांची खूण. नियम नऊ आहेत. विश्वासार्हता, निष्ठा, सर्वांशी मैत्री, विनय, प्राणिमात्रांविषयी व निसर्गाविषयी प्रेम, शिस्त व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, धैर्य, काटकसर आणि विचार-उच्चार-आचारांची शुद्धता, असे त्यांचे सार सांगता येईल.

प्रवेशानंतर प्रथम सोपान, द्वितीय सोपान व तृतीय सोपान अशा तीन पायऱ्या येतात. पुढे राज्य पुरस्कार व अखेरीस राष्ट्रपती पुरस्कार. एका पायरीवर ठरावीक काळ काम केल्याखेरीज पुढच्या पायरीवर पाऊल ठेवता येत नाही. त्यामुळे शिखर गाठावयास कित्येक वर्षे लागतात. पाचवी-सहावीत पथकात आलेले मूल बहुधा माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात पोहोचते तेव्हा राष्ट्रपती पुरस्काराच्या चाचणीस बसते. अधूनमधून कंटाळा येतो, अभ्यासाचा ताण असतो, बरोबरीची मुले गळतात. अशा परिस्थितीतही जे मूल टिकून राहते, त्याच्या चिकाटीची परीक्षा चाचणीपूर्वीच झालेली असते.

पदकामागील प्रत्यक्ष कामे

या पायऱ्यांवर कोणती कामे करावी लागतात, हे पाहिल्यास पदकाची योग्यता कळून येते. दोरीच्या गाठी हा त्यांतील एक सोपा विषय. जखमेवरील पट्टी बांधावयास रीफ नॉट वापरतात, कारण ती सपाट बसते व रुग्णास टोचत नाही. विहिरीत पडलेल्या माणसाला वर ओढावयाचे असेल तर बोलाइन गाठीचा फास करतात, कारण त्यावर भार आला तरी तो आवळत नाही. डोळे मिटूनही ही गाठ मारता आली पाहिजे, असा शिक्षकांचा आग्रह असतो. संकटाच्या वेळी उजेड असेलच असे नाही, हे त्यामागील साधे कारण.

प्रथमोपचार, होकायंत्राच्या साहाय्याने दिशा ठरविणे, नकाशा वाचणे व काढणे, झाडाची उंची अथवा नदीची रुंदी मोजमापाच्या साधनांवाचून अदमासणे, तंबू उभारणे, मोकळ्या जागेत चूल मांडून स्वयंपाक करणे, लाकूड व दोर यांच्या साहाय्याने छोटा पूल किंवा मनोरा बांधणे, पदभ्रमण करून त्याचा अहवाल लिहिणे, ही कामे टप्प्याटप्प्याने येतात. त्यांना जोड म्हणून आवडीच्या विषयांतील प्रावीण्य पदके मिळवावी लागतात. वरच्या पायऱ्यांवर समाजसेवेची कामे असतात. स्वच्छता, वृक्षसंवर्धन, साक्षरता, आरोग्यविषयक प्रचार यांसारखे एखादे काम हाती घेऊन ते काही काळ नेटाने चालवावे लागते.

ही सर्व कामे मूल एकट्याने करीत नाही. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो व त्यांच्यातीलच एक संघनायक असतो. असे काही संघ मिळून पथक होते. पथकाच्या कारभाराचे निर्णय घेण्यासाठी संघनायकांची मानसभा असते. शिबिरात भात करपला तर तो संघाचा करपतो, आणि तंबू वाऱ्याने कोलमडला तर भिजणाऱ्यांत संघनायकही असतो. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला येथे भांडी घासावी लागतात, तर अभ्यासात मागे असलेल्या मुलास तीन दगडांची चूल झटकन पेटविता येते म्हणून मान मिळतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ज्या गुणांची नोंद होत नाही असे कितीतरी गुण येथे प्रकाशात येतात. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या वा धनगराच्या मुलाजवळ अशा गुणांचे भांडार पिढीजात असते.

वरच्या पायऱ्यांसाठी चाचणी शिबिरे भरविली जातात. तेथे परीक्षक बाहेरचे असतात. ते मुलास गाठ मारावयास सांगतात, पट्टी बांधून दाखवावयास सांगतात, नोंदवही चाळतात, केलेल्या सेवाकार्याविषयी खोदून खोदून प्रश्न विचारतात. वडिलांचा हुद्दा किंवा घरची श्रीमंती या वेळी कामास येत नाही. दोरी हातात घेतल्यावर गाठ बसते किंवा सुटते, एवढाच निकाल असतो.

खरी कमाई

महाराष्ट्रातील शाळांना सुपरिचित असलेला ‘खरी कमाई’ हा उपक्रम स्काऊट शिक्षणाचे एक अंग होय. मुलांनी स्वतः श्रम करून काही पैसे मिळवावेत, असा त्यामागील हेतू आहे. कोणी शेजाऱ्याचे अंगण झाडतो, कोणी सायकल पुसून देतो, कोणी बागेला पाणी घालतो. शाळेच्या आवारात मुलींनी व मुलांनी केलेले खाद्यपदार्थ विकले जातात. मिळणारी रक्कम लहान असली तरी तिचा संस्कार मोठा असतो. घामाचा पैसा किती सावकाश जमतो, हे ज्या मुलास कळले, ते मूल आईबापांच्या कष्टांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागते.

दुर्दैवाने काही ठिकाणी या उपक्रमाचे स्वरूप पालटते. मूल घरी येऊन ‘खरी कमाईचे पैसे द्या’ असे म्हणते आणि वडील खिशातून नोट काढून देतात. शाळेच्या हिशेबात रक्कम जमा होते व उपक्रम पार पडल्याची नोंद होते. परंतु यात कमाई झाली ती वडिलांची. हेतू चांगला असूनही पालकांनी येथे मुलाकडून एक मोठा अनुभव हिरावून घेतलेला असतो. त्याऐवजी घरातील वा शेतातील एखादे काम नेमून देऊन, ते नीट झाले की ठरलेला मोबदला देणे, हा अधिक हिताचा मार्ग होय.

अनामिक स्काऊट

स्काऊट चळवळीत एक कथा परंपरेने सांगितली जाते. १९०९ च्या सुमारास विल्यम बॉइस नावाचे अमेरिकन गृहस्थ लंडनमध्ये धुक्यात वाट चुकले. एका मुलाने त्यांना योग्य ठिकाणी पोहोचविले. बॉइस बक्षीस देऊ लागले, तेव्हा आपण स्काऊट असून सत्कृत्याचा मोबदला घेत नाही, असे सांगून तो मुलगा निघून गेला. कथेच्या तपशिलांविषयी मतभेद असले तरी बॉइस यांनी ८ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतील स्काऊट संघटनेची नोंदणी केली, ही गोष्ट निश्चित आहे. त्या अनामिक मुलाच्या स्मरणार्थ अमेरिकेच्या स्काऊटांनी १९२६ मध्ये लंडनजवळील गिलवेल पार्क या प्रशिक्षण केंद्रास गव्याची एक ब्राँझची मूर्ती भेट दिली.

या मुलाचे नाव कोणासही कळले नाही. आपल्या मुलाच्या कृतीतून दूरदेशी केवढे कार्य उभे राहिले, याची वार्ता त्याच्या मातापित्यांच्या कानी गेली असण्याचाही संभव नाही. दररोज एक तरी सत्कृत्य करावे व त्याचा गाजावाजा करू नये, अशी शिकवण स्काऊटांना दिली जाते. अर्थात, मुलाचे खरे यश पुष्कळदा पालकांच्या दृष्टीआडच घडत असते. पदक हे त्या न दिसणाऱ्या यशाचे दिसणारे चिन्ह असते, इतकेच.

अमेरिकेतील सर्वोच्च पद ‘ईगल स्काऊट’ या नावाने ओळखले जाते. ते प्रथम १९१२ मध्ये आर्थर एल्ड्रेड या मुलास मिळाले. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी त्यासाठीच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. १९६५ पासून समाजोपयोगी प्रकल्पाचे नेतृत्व करणे ही अटही त्यात आहे. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हे ईगल स्काऊट होते. या पदाच्या प्रदान समारंभात एक सुंदर प्रथा आहे. पद मिळविणारे मूल आपल्या आईच्या व वडिलांच्या पोशाखावर स्वहस्ते एक लहानसे मानचिन्ह लावते. मानाचा ओघ येथे मुलाकडून पालकांकडे वाहतो. इतकी वर्षे ज्यांनी धीर धरला, पहाटे उठून डबा दिला आणि तरीही मुलाचे काम स्वतः केले नाही, त्यांचे ऋण मूल अशा रीतीने मान्य करते.

साहाय्य कोठवर?

पालकांच्या कर्तव्याचा विचार येथे ओघानेच येतो. मुलाच्या प्रगतीची ओढ सर्वांनाच असते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु या ओढीतूनच नोंदवही वडिलांनी लिहून देणे, पदभ्रमणाच्या अहवालातील चित्रे थोरल्या बहिणीने काढणे, सेवाकार्याचे केवळ छायाचित्र काढून घेणे, असे प्रकार घडतात. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडसाठी राखून ठेवलेल्या जागांमुळे या प्रमाणपत्रांस व्यावहारिक मोल आले आहे. परिणामी काही पालक प्रमाणपत्रावर डोळा ठेवून मुलास पथकात घालतात. लाभाची अपेक्षा करणे गैर नाही. परंतु लाभासाठी कामच वगळले गेले, तर हाती राहते ती पोकळ गोष्ट.

असे पदक मिळविलेले मूल मनातून ओशाळलेले असते. चार लोक कौतुक करतात तेव्हा आपण ही गाठ मारू शकत नाही, हे त्यास पक्के ठाऊक असते. एखाद्या प्रसंगी रस्त्यावर अपघात होतो, लोक ‘तू स्काऊट ना, काही कर’ म्हणून त्याच्याकडे पाहतात, आणि त्याचे हात चालत नाहीत. ‘तयार’ हे ब्रीद ज्याच्या छातीवर आहे, त्याची ही अवस्था होऊ नये, यासाठी पालकांनीच आरंभापासून जपले पाहिजे.

मग पालकांनी करावे तरी काय? गणवेश स्वच्छ ठेवण्याची सवय लावावी, पण तो मुलाला धुऊ द्यावा. शिबिरासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी त्यास करू द्यावी. एखादी वस्तू विसरली तर त्यातूनही तो शिकेल. आठवड्यातून एकदा घरचा स्वयंपाक त्यास करू द्यावा व तो बिघडला तरी आनंदाने जेवावे. आज कोणते सत्कृत्य केलेस, असे रोज विचारून त्यास अवघडवू नये. परंतु त्याने आपण होऊन सांगितले तर मन लावून ऐकावे. चाचणीत मूल अनुत्तीर्ण झाले तर पुन्हा तयारी करण्याचा धीर द्यावा. स्काऊटच्या चाचणीत अपयश हा कलंक नसून तो अधिक सरावाचा संकेत असतो.

मुलींच्या बाबतीत

गाईड पथकातील मुलींच्या वाटेत आणखी एक अडसर असतो. घराबाहेर मुक्काम करावयाचा म्हटले की अनेक पालक कचरतात. मुलगी तृतीय सोपानापर्यंत उत्साहाने पोहोचते आणि शिबिराची परवानगी न मिळाल्याने तेथेच थांबते. पालकांची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. तिचे निराकरण करण्याची जबाबदारी शाळेची आहे. शिबिराचे ठिकाण, सोबत जाणाऱ्या प्रशिक्षित गाईड कॅप्टनचे नाव, मुक्कामाची, पाण्याची व स्वच्छतागृहाची व्यवस्था, प्रवासाचे साधन आणि संपर्काची सोय ही माहिती पालकांना आधी लेखी द्यावी. शक्य तेथे मातांना एक दिवस शिबिर पाहण्यास बोलवावे. स्वतःची मुलगी रात्रीच्या शेकोटीभोवती निर्भयपणे कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करताना ज्या मातेने पाहिली, ती पुढील वर्षी शेजारच्या मुलीसाठीही रदबदली करते.

शाळा, पंचायत आणि प्रशासन

पथकाचा प्राण म्हणजे प्रशिक्षित शिक्षक. मूलभूत व प्रगत अभ्यासक्रम आणि त्यापुढे ‘हिमालय वुड बॅज’ असे प्रशिक्षणाचे टप्पे आहेत. ज्या शिक्षकाने स्वतः तंबूत रात्र काढली आहे, तोच मुलांना शिबिराची गोडी लावू शकतो. मुख्याध्यापकांनी अशा शिक्षकांस वेळापत्रकात निश्चित वेळ द्यावा आणि पथकास केवळ पाहुण्यांच्या स्वागतासाठी रांगेत उभे करण्याची प्रथा मर्यादित ठेवावी. मुलांची संख्या फुगविण्यापेक्षा बत्तीस मुलांचे एक पथक नीट चालविणे अधिक फलदायी ठरते.

ग्रामपंचायतींना या कामी मोठा वाटा उचलता येईल. स्काऊट-गाईडना सेवाकार्यासाठी खरे काम लागते आणि गावात कामांचा तुटवडा नसतो. सार्वजनिक विहिरीभोवतालची स्वच्छता, नव्याने लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घालणे, यात्रेच्या दिवशी चुकलेल्या मुलांचा शोध व पाणीवाटप, वृद्धांना अर्ज लिहून देणे, वाचनालयातील पुस्तकांची मांडणी, अशी कितीतरी कामे त्यांच्याकडे सोपविता येतील. काम वयाला झेपणारे व सुरक्षित असावे आणि एखादी मोठी व्यक्ती देखरेखीस असावी, एवढी दक्षता पुरे. शिबिरासाठी गायरानातील एखादी जागा, पाण्याची सोय आणि तंबूंसाठी थोडी मदत पंचायतीने केल्यास गरीब मुलांस लांबच्या शिबिराचा खर्च सोसावा लागणार नाही.

पुरस्कार मिळाल्यावर ग्रामसभेत मुलांचा सत्कार करण्याची प्रथा काही गावांत आहे. ती स्तुत्य होय. या सत्कारास अधिक अर्थ यावा म्हणून हार-नारळाबरोबर त्या मुलाने वा मुलीने कोणती कामे केली, त्याचे टिपण सभेत वाचून दाखवावे. शक्य असल्यास त्यास प्रथमोपचाराचे अथवा गाठींचे प्रात्यक्षिक करावयास सांगावे. त्यायोगे गावास पदकाचा अर्थ कळेल, इतर मुलांना आपणही हे करू शकू असे वाटेल, आणि संकटसमयी गावातील कोणत्या मुलाला हाक मारावी, हेही सर्वांस ठाऊक होईल.

अभिमानाचे खरे कारण

अंगणात घातलेल्या मांडवाचे दोर सैल झालेले पाहून कोणी न सांगता उठणारा व ते नीट आवळणारा मुलगा, शेजारच्या आजीबाई घसरून पडल्या असता गोंधळून न जाता त्यांचा हात फळीला बांधून मगच त्यांना दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करणारी मुलगी, पुराच्या बातम्या येताच आपल्या वस्तीतील वृद्धांची यादी करणारा संघनायक, अशी मुले ज्या घरांत वाढतात त्या घरांनी अवश्य अभिमान बाळगावा. राज्यपालांच्या वा राष्ट्रपतींच्या नावाचे प्रमाणपत्र हे त्या वाढीवरचे शिक्कामोर्तब होय. ते भिंतीवर जरूर लावावे. मात्र ते लावताना, यातील प्रत्येक अक्षर मुलाने स्वतःच्या हातांनी मिळविले आहे, अशी खात्री आईवडिलांना मनोमन वाटली पाहिजे.

मुलांवर विश्वास टाकण्यापासून या चळवळीचा प्रारंभ झाला. पालकांनी थोडे मागे राहावे, शिक्षकांनी मनापासून शिकवावे आणि गावाने मुलांच्या हाती खरे काम द्यावे. एवढे झाले तर पदकांची संख्या कदाचित फार वाढणार नाही, परंतु जी मिळतील त्यांचा अभिमान मूल, पालक व गाव यांना सारख्याच निर्भेळ मनाने बाळगता येईल.